नानांना सांगितलेलं कारण

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. आईला नाही, बहिणीलाही नाही. तुम्हाला सांगतेय — आणि सांगताना हसू येतंय, हीच पहिली अडचण. माझ्या घटस्फोटाचे सहा महिने फार आनंदात गेले, त्याला मी काय करू?

लग्न झालं तेव्हा मी एकवीस वर्षांची. नवरा सुधाकर, सिन्नरच्या एका कारखान्यात फिटर. माणूस सरळ. भाजीला मीठ कमी पडलं तर गुपचूप उठून स्वतः घ्यायचे. मग खुपत काय होतं? दोन खोल्या, आणि दाराबाहेर डांबर. माझं माहेर मखमलाबादला, फुलांची शेती. पहाटे शेवंती तोडायची, नाशिकच्या बाजारात न्यायची, गिऱ्हाइकाशी घासाघीस करायची — मला तेच हवं होतं. नवरा नकोच होता, कुठलाच. सत्त्याण्णव साली एका दुपारी मी हे त्यांना सांगून टाकलं. ते म्हणाले, "तू इथं सुकत चाललीस, ते दिसतंय मला."

वर्षभर मी माहेरी राहिले, मग दोघांनी मिळून अर्ज केला. कोर्टानं विचार करायला सहा महिने दिले. आम्ही वकिलांकडे भेटायचो, कोणाची भांडी कोणती याची यादी करायचो. पितळी डबा तू ने, नको तुम्हीच ठेवा — यावरच काय तो वाद. माझं शिलाई मशीन त्यांनी जीपच्या टपावर बांधून आणलं, ते धरून ठेवताना स्वतःची टोपी वाटेत उडाली. वकील म्हणाले, इतकं हसणारं जोडपं या खुर्च्यांवर पहिल्यांदाच बसलंय.

शेवटच्या तारखेला न्यायाधीशांनी विचारलं, कोणाची जबरदस्ती नाही ना? मी इतक्या घाईनं "नाही" म्हटलं की सुधाकरना हसू लपवायला खोकावं लागलं. बाहेर येऊन दोघं उसाचा रस प्यायलो. बसमध्ये मी खिडकीशी बसून गुणगुणत होते. आणि घर दिसताच — चेहरा पाडला.

का पाडला? कारण घरी वेगळंच सांगितलं होतं. नवरा चांगला आहे, पण मला शेती हवीय — असं वडिलांना कुठल्या तोंडानं सांगणार? म्हणून नानांना मी म्हटलं होतं, त्यांना मी नकोशी झालेय.

नाना मला घेऊन तडक सिन्नरला गेले होते. शेजारपाजारच्यांसमोर त्यांनी विचारलं, "माझ्या लेकीत काय खोट हाय, ते सांगा." सुधाकरनी माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे.

"तिच्यात खोट नाही, नाना. माझंच चुकलं."

पुढे वकिलांच्या जिन्यात मी विचारलं, का नाही बोललात? म्हणाले, "मला मखमलाबादला राहायचं नाही. तुला राहायचंय."

इथवर तुम्ही मला सांभाळून घ्याल. पण पुढचं?

घटस्फोटाला दोन वर्षं झाली असतील. देवळ्याहून एक गृहस्थ आमच्या दारात आले. त्यांच्या मुलीसाठी सुधाकरचं स्थळ आलं होतं, चौकशी करायची होती. मी आत चहा गाळत होते. नाना शांतपणे म्हणाले, "त्यानं माझी पोर टाकली. तुमची टाकणार नाय कशावरून?"

एक वाक्य पुरलं असतं. बाहेर जाऊन, नाना, असं नाही — एवढंच. मी कप घेऊन बाहेर गेले. त्या गृहस्थांनी माझ्याकडे कणवेनं पाहिलं. मी ती कणव घेतली.

ते लग्न जमलंच नाही. सुधाकरचं लग्न व्हायला आणखी पाच वर्षं गेली. आता त्यांना मुलगी आहे, असं कानावर येतं. मी तर मजेतच होते, आहे — शेवंतीच्या जोडीला गुलाब लावला, बाजारात माझी जागा ठरलेली आहे, सकाळी उठायचा मला अजून कंटाळा येत नाही. नाना मात्र अजूनही सुधाकरचं नाव निघालं की थुंकतात.

त्या दिवशी, चहा देताना, मी घाबरले होते का? नाही. दुसऱ्या दिवशी तोडणी होती आणि मी खुशीत होते. मला कोणी टाकलं नव्हतं. मी सोडून आले — हौसेनं, हसत. आणि विचारायला माणूस दारात आला, तेव्हा त्याला चहा देऊन आत गेले.