उभ्या गाडीचे डिझेल

"मोठ्या बाबानं डिझेल वाचवाले इंजिन बंद केलं, आन् माह्या बाबाची मशीन बंद पडली."

माझ्या धाकट्या भावाच्या मुलाने हे वाक्य तेरवीच्या दिवशी, पंगत बसलेली असताना, माझ्या देखत उच्चारले. तेव्हापासून ते राजुऱ्याहून माझ्या मूल गावापर्यंत फिरते आहे आणि फिरताना वाढते आहे. कोणी सांगतो, मी मायलेजची पैज लावली होती. कोणी सांगतो, टाकीत डिझेलच नव्हते. येत्या महिन्यात भावाचे वर्षश्राद्ध आहे आणि मला बोलावणे नाही. सख्ख्या भावाचा जीव मी लिटरभर डिझेलसाठी घेतला, ही गोष्ट माझ्यामागे उरावी, हे मला मान्य नाही. म्हणून लिहितो.

आधी गाडीविषयी, कारण तिच्याविषयीही लोक वाटेल ते बोलतात. शाळेची जुनी मिनीबस होती ती. चाळीस वर्षे मी मूलला डिझेलचे पंप आणि नोझल दुरुस्त केले. हात थरथरू लागल्यावर दुकान बंद केले आणि या बसमधली बाकडी उपटून दोन पलंग, शेगडी, पाण्याची टाकी, इन्व्हर्टर आणि बॅटरी बसवली. "म्हाताऱ्यानं हत्ती पाळला," असे चौकात म्हणत. गाडी किती पिते हे चौकात कळत नाही. टाकी गळ्यापर्यंत भरावी, गाडी चालवावी, पुन्हा गळ्यापर्यंत भरावी आणि भागाकार करावा. रिकामी असताना ती लिटरला बारा किलोमीटर देई. घर चढवल्यावर नऊवर आली. पाण्याची टाकी टपावरून खाली घेतली, तेव्हा वारा कमी अडला आणि अर्धा किलोमीटर परत मिळाला. पन्नासच्या वर वेग नेला नाही, तर तेवढे ती इमानाने देत असे. या आकड्यांचा मला अभिमान होता आणि आजही आहे. अभिमान हा गुन्हा असेल तर तेवढा मी कबूल करतो.

भाऊ राजुऱ्याकडच्या उघड्या कोळसाखाणीत डंपर चालवत असे. निवृत्त झाला तेव्हा त्याची छाती धुळीने भरलेली होती. नाकात नळी आणि शेजारी विजेवर चालणारे ऑक्सिजनचे यंत्र, असे त्याचे दिवस जात. नळी काढून तो दहा-बारा पावले चाले, मग धाप लागे. गेल्या हिवाळ्यात तो मला म्हणाला, "भाऊ, मले एकदा आलापल्लीच्या सागात झोपू दे. इथी तं तुळशीचं पानही काळं निघते." डॉक्टरांनी परवानगी दिली, एका अटीवर: यंत्र बंद पडता कामा नये.

इथे माझ्या भागाकाराला अडचण आली. यंत्र रात्रभर बॅटरी ओढे. सकाळी ती भरण्यासाठी उभ्या गाडीचे इंजिन दोन-दोन तास चालू ठेवावे लागे, आणि उभे इंजिन तासाला पाऊण लिटर डिझेल घेऊन एक पाऊलही पुढे जात नाही. पाचव्या दिवशी आलापल्लीला टाकी भरली तेव्हा मायलेज साडेसहावर आले होते. मी बोललो. मी नेहमीच बोलतो. "उभ्या उभ्या पेते," असे म्हणालो. भाऊ हसला आणि त्याने मुलाला फोन लावला. "तुहे मोठे बाबा इंजिन चालू दिसलं का तोंड वाकडं करून राह्यले," असे त्याने सांगितले. पुतण्याचा सगळा पुरावा एवढाच आहे. त्याच फोनवर भावाने पुढे काय सांगितले, ते पुतण्या कोणाला सांगत नाही. तो म्हणाला होता, "पण बसते बिचारा शिटावर, हालत नाई."

मी शिटावर का बसत असे, हे सांगितले पाहिजे. खाणीत नवा असताना भावाने एक डंपर पाहिला होता. इंजिन चालू, शीट रिकामे, चाकाला काही लावलेले नाही. तो हलला तेव्हा त्याच्याखाली एक फिटर काम करत होता. त्यानंतर भावाने तीस वर्षे एक नियम पाळला: चालकाने शीट सोडले की इंजिन बंद आणि चाकाखाली ठोकळा. घरी स्कूटरलासुद्धा तो वीट लावायचा. आमच्या प्रवासासाठी त्याने सागाचे दोन ठोकळे स्वतः तासून आणले होते आणि ते दोरीने बांधून आपल्या पलंगाखाली ठेवले होते.

"हा काय शंभर टनाचा डंपर आहे काय बे?" मी विचारले होते.

"डंपर असो का बैलबंडी, डायव्हर उतरला का ठोकळा."

"हँडब्रेक काऊन असते मंग?"

"मेलेल्या त्या फिटरले विचार."

मी ठोकळ्यांना एकदाही हात लावला नाही. हँडब्रेक ओढून गाडी गिअरमध्ये उभी करणे मला पुरेसे वाटे. शेवटी तडजोड ठरली. गाडी गिअरमध्ये उभी असली की तो गप्प राही. बॅटरी भरताना मात्र गिअर काढावा लागतो, म्हणून तेवढा वेळ मी शिटावर बसून राहायचे. पाच सकाळी मी बसलो. चहाही तिथेच घेतला.

सहाव्या सकाळी आम्ही सिरोंच्याच्या रस्त्याला, जरा उतारावर, सागाखाली उभे होतो. डिझेलची टाकी आदल्याच दिवशी गळ्यापर्यंत भरलेली होती. रात्र थंड गेली होती आणि इन्व्हर्टरची बॅटरी तळाला गेली होती. मी इंजिन चालू केले. थोड्या वेळाने पाण्याची टाकी संपली आहे, चहासाठीही पाणी नाही असे लक्षात आले. भाऊ नळी लावून डोळे मिटून पडला होता. हातपंप जवळच दिसत होता. मी हँडब्रेक ओढला, कॅन घेतली आणि उतरलो. पंपाला पाणी नव्हते, म्हणून पुढच्या टोल्यावर, म्हणजे वस्तीवर, गेलो. तिथे घागरी रांगेत होत्या. मला पाऊण तास लागला.

मी शीट सोडले. हा दोष माझा आहे, आणि गंमत अशी की तो मला कोणी देत नाही. मी न केलेल्या गोष्टीचा ठपका ठेवतात आणि केलेल्या गोष्टीविषयी विचारतही नाहीत.

परतताना वळणावरच इंजिनचा आवाज नाही हे कानांना कळले. भाऊ मागच्या दाराच्या पायरीवर बसलेला होता, खांदा दाराला टेकवून. नळी आत पलंगावर पडली होती. यंत्र बंद होते. त्याचा हात गार होता, तरी मी त्याला आत ओढून नळी लावली आणि किल्ली फिरवली. इंजिन पहिल्याच फेरीला लागले.

पुतण्या म्हणतो, निघण्यापूर्वी मीच इंजिन बंद केले. भावसून, म्हणजे भावाची बायको, म्हणते की माझे टोमणे ऐकून तिच्या नवऱ्याने ते डिझेलसाठी बंद केले असेल. तिच्यावर मी आवाज चढवत नाही. त्या शक्यतेने मलाही पुष्कळ दिवस झोपू दिले नाही. पण डिझेल वाचवणारा माणूस किल्ली फिरवतो आणि परत आडवा होतो. नळी काढून, छातीत दहा पावलांचा श्वास असताना, तो गाडीतून खाली उतरत नाही.

त्या सकाळी किल्ली फिरवल्यावर मी पहिला गिअर टाकला आणि क्लच सोडला. गाडीने एकदा पुढे हिसका घेतला आणि ती अडली. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा अडली. खाली उतरून पाहिले. मागच्या डाव्या चाकाखाली सागाचा ठोकळा नीट घट्ट बसवलेला होता, आणि तो मी लावलेला नव्हता.