ज्युरीकडे बघून बोला

ऐंशीच्या दशकात, आम्ही अमेरिकेत श्रूजबरीला घर घेतल्यानंतर काही वर्षांनी, ह्यांच्यावर केस झाली. हे भूल देणारे डॉक्टर. एका सुताराचं पोटाचं ऑपरेशन झालं, आणि तो शुद्धीवर आला तेव्हा त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं बधिर होती. ती तशीच राहिली. कोपराखाली पॅड ठेवलं नाही म्हणून नस दबली, असं त्याच्या वकिलाचं म्हणणं. पॅड ठेवलं होतं, असं ह्यांचं. कागदावर मात्र तशी नोंद नव्हती.

इन्शुरन्स कंपनीने आम्हाला वकील दिला. उंच, हळू बोलणारा माणूस. त्याने पहिल्याच भेटीत ह्यांना विचारलं, "डॉक्टर, बोलताना तुम्ही खाली का बघता?"

"मी विचार करत असतो," हे म्हणाले.

"ज्युरीला वाटेल, तुम्ही काहीतरी लपवताय."

मग त्याने एका बाईंना बोलावलं. ज्युरीत बसणाऱ्या साध्या माणसांना काय पटतं आणि काय खटकतं, एवढाच त्यांचा अभ्यास. त्यांनी एका हॉटेलच्या हॉलमध्ये खोटी ज्युरी जमवली. बसड्रायव्हर, शाळेच्या कॅन्टीनमधली बाई, रिटायर झालेला पोस्टमन, असे बारा जण. त्यांच्यासमोर ह्यांनी साक्ष दिली. मग ते चर्चेला आत गेले आणि आम्ही शेजारच्या खोलीत टीव्हीवर त्यांना बघत बसलो. कॅमेरा आहे हे त्यांना माहीत होतं, पण पाच मिनिटांत ते विसरले.

पॅडबद्दल ते फारसं बोललेच नाहीत. "तो मान हलवतो तेव्हा हो म्हणतो की नाही म्हणतो?" ड्रायव्हरने विचारलं. पोस्टमन म्हणाला, "त्या माणसाच्या हाताचा विषय निघाला तेव्हा हा हसला. पाहिलंत ना?"

हे अवघडले की हसतात. मला बघायला आले होते तेव्हाही असेच हसत होते. पण मी टीव्हीच्या अलीकडे होते, सांगणार कुणाला?

शेवटी कॅन्टीनवाली बाई म्हणाली, "'पॅड मी नेहमीच ठेवतो,' म्हणतो तो. म्हणजे त्या दिवशीचं त्याला आठवत नाही." त्यावर बारांपैकी आठ जण आमच्या विरुद्ध गेले. हे कॉफीचा कागदी कप दोन्ही हातांनी धरून बसले होते. कॉफी तशीच होती.

मग ज्युरीचा अभ्यास असलेल्या त्या बाईंनी आम्हाला शिकवायला घेतलं. उत्तर देताना ज्युरीकडे बघायचं. 'पेशंट' म्हणायचं नाही, त्याचं नाव घ्यायचं. मी रोज ह्यांच्या मागच्या बाकावर बसायचं.

"साडी चालेल ना?" मी विचारलं.

"साडी सुंदरच असते," त्या म्हणाल्या. "पण त्यांनी साडीचा विचार करत बसायला नको. आणि तुमचा ह्यांच्यावर विश्वास आहे, हे चेहऱ्यावर दिसू द्या."

वकील सावध होता. "जे आठवत नाही ते बोलायचं नाही," त्याने ह्यांना बजावलं. "पण नीट आठवून बघा. टेबल कुठे होतं, कोण कुठे उभं होतं."

मग रोज चहा झाला की आमच्या डायनिंग टेबलावर प्रॅक्टिस. मी सुताराचा वकील व्हायची आणि कागदावरचे प्रश्न वाचायची. पहिले काही दिवस हे "नेहमी ठेवतो" हेच सांगत. तिसऱ्या आठवड्यात म्हणाले, "हो, ठेवलं. नर्सने हात उचलून धरला आणि मी पॅड खाली सरकवलं. निळ्या फोमचं होतं."

मी कागद खाली ठेवला. "हे तुम्हाला आठवलं?"

"आठवतंय की." मग म्हणाले, "दिसतंय मला. रोज बोलून बोलून दिसायला लागलं, की आधीपासूनच दिसत होतं, ते नाही सांगता येत."

"वकिलाला सांगू या का?"

"काय सांगणार? मी खोटं बोलत नाहीये."

खरंच बोलत नव्हते. मी पुढचा प्रश्न वाचला.

कोर्टात चार दिवस गेले. सुताराच्या वकिलाने त्याच्या डाव्या हातात खिळा दिला. तो बोटांतून निसटून पडला. त्याने वाकून उचलला, पुन्हा धरून बघितला, पुन्हा पडला. त्याची बायकोही मागच्या बाकावर बसून होती. साधा ड्रेस, मांडीवर हात, नजर नवऱ्यावर. तिलाही कुणीतरी असं बसायला सांगितलं असणार. आमची नजरानजर झाली आणि दोघींनी डोळे दुसरीकडे वळवले.

ह्यांची पाळी आली तेव्हा त्या वकिलाने विचारलं, "इतक्या वर्षांपूर्वीचं एक पॅड तुम्हाला आठवतं?"

हे ज्युरीकडे वळले. "हो," म्हणाले, आणि सगळं सांगितलं. नर्स, हात, निळा फोम. आवाज शांत, चेहऱ्यावर हसू नाही. ज्युरीच्या पुढच्या रांगेतल्या एका बाईने हलकेच मान डोलावली. मला शिकवलेला चेहरा ठेवून मी बसले होते.

निकाल आमच्या बाजूने लागला. वकिलाने ह्यांच्या पाठीवर थाप मारली. समोर सुताराची बायको त्याच्या कोटाची बटणं लावत होती. तिच्याजवळ जावं असं वाटलं, पण जाऊन काय बोलणार होते? ती दोघं निघून जाईपर्यंत मी जागची हलले नाही.

त्या रविवारी मराठी मंडळातले लोक पेढे घेऊन आले. "काका, काँग्रॅच्युलेशन्स," असं त्यांची मुलं एकेक करून ह्यांना म्हणाली. हे सगळ्यांना थँक्यू म्हणत होते.

पुढे एकदा वूस्टरला जाताना गाडी चालवता चालवता ह्यांनी विचारलं, "मी ठेवलं असेल ना गं?"

"ठेवलं असणार," मी म्हणाले.

त्यानंतरही त्यांनी दोन-तीनदा विचारलं, मध्ये वर्षं जाऊ देऊन. मी दर वेळी तेवढंच म्हणाले. त्याहून जास्त मला ठाऊक नव्हतं, आणि ह्यांनाही नव्हतं.