यादीबाईची खोली

ऑफिसात तिला सगळे यादीबाई म्हणत. तोंडावर म्हणत, आणि तिलाही त्याचं काही वाटत नसे. तपासणीच्या लॅबमध्ये रक्ताच्या नमुन्यांची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर ही कंपनी बनवायची, आणि ते वापरायचं कसं हे सांगणारी चारशे पानांची माहितीपुस्तिका बनवायची यादीबाई. एकटीच. प्रोग्रामर मंडळी कँटीनमध्ये म्हणत, आमचा कोड बिघडला तर गिऱ्हाईक ओरडतं, बाईंचं पान बिघडलं तर बाई ओरडतात. त्यातल्या त्यात गिऱ्हाईक परवडलं.

नवा माणूस रुजू झाला की पहिल्या दिवशी त्याला तिच्या टेबलाशी पाठवत. ती खुर्ची ओढून द्यायची आणि सुरू करायची. पुस्तिकेची पानं आपण साध्या मजकुरात लिहितो. त्यांची वेबसाइट व्हायला, म्हणजे बिल्ड व्हायला, वीसएक छोटी हत्यारं लागतात. एक मजकूर सजवणारं, एक आकृत्या काढणारं, असं काय काय. ती कॉम्प्युटरभर पसरून ठेवायची नाहीत. त्यांना एक वेगळी खोली करून द्यायची, तिला म्हणतात व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट. कुठलं हत्यार, कुठल्या आवृत्तीचं, ते यादीत लिहायचं. डिपेंडन्सी मॅनेजर नावाचा प्रोग्रॅम ती यादी वाचतो आणि इंटरनेटवरच्या भांडारातून एकेक वस्तू आणून खोलीत मांडतो. एवढं झालं की ती एक बोट वर करायची.

"खोलीवर जीव लावायचा नाही. बिघडली की पाडायची, यादीवरून पुन्हा उभी करायची. जपायची ती यादी."

तिची स्वतःची खोली मात्र चार वर्षांत एकदाही पाडलेली नव्हती. त्या खोलीत तिच्या मुलाचं एक हत्यार होतं.

मुलगा तेव्हा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होता. सुट्टीच्या दिवशी ती ऑफिसचा लॅपटॉप मांडीवर घेऊन बोटांवर मोजत बसलेली. सूचनांमध्ये एक पायरी वाढली की पुढच्या सगळ्या पायऱ्यांचे आकडे बदलायचे, आणि 'सातवी पायरी पाहा' असं जिथे जिथे लिहिलंय तिथलेही. मुलगा दाराला टेकून बघत होता. आई, तुला लिहायला ठेवलंय की मोजायला, असं त्याने विचारलं. दोन दिवसांत आकडे आपोआप घालणारं हत्यार त्याने आपल्या लॅपटॉपवर लिहिलं आणि पेनड्राइव्हवरून थेट तिच्या खोलीत बसवलं. नाव ठेवलं 'पायरी'. भांडारात वगैरे नंतर टाकू, म्हणाला, आधी तुझं तर चालू दे. तिने शिरस्त्याप्रमाणे नाव यादीत लिहून टाकलं.

त्यात त्याने आगाऊपणाही करून ठेवला होता. एखाद्या पानावर नऊच्या वर पायऱ्या झाल्या की बिल्ड चालू असताना काळ्या पडद्यावर ओळ उमटायची, 'आई, वाचणारा दमला.' वाक्य फार लांबलं तर, 'आई, श्वास घे.' ऑफिसच्या कामात असली थट्टा चालत नाही, काढून टाक, असं तिने त्याला दरडावून सांगितलं. तो हो हो म्हणाला आणि काढलं काही नाही.

आठ महिन्यांनी साध्या तापाचं निमित्त झालं. पाच दिवसांत तो गेला.

महिन्याने ती कामावर आली आणि बिल्ड चालवलं. हत्यारं जागेवर आहेत का, ते डिपेंडन्सी मॅनेजर सुरुवातीला बघून घेतो आणि प्रत्येकापुढे छापतो. पायरी, आधीपासून आहे. आणि मग खाली, 'आई, वाचणारा दमला.' शेजारच्या टेबलावरच्या टेस्टरने नंतर सांगितलं, बाई उठल्या त्या अर्धा तास जिन्यात उभ्या होत्या.

त्या दिवसापासून नमुना नाकारायची रीत सांगणारं एक पान तिने मुद्दाम दहा पायऱ्यांचं ठेवलं. सहज नऊवर आलं असतं. रोज सकाळी, गरज असो नसो, ती बिल्ड चालवायची, ती ओळ वाचायची आणि मगच कामाला लागायची. घरी हे कोणाला माहीत नव्हतं. घरी म्हणजे दोघंच. ती आणि मुलाचे बाबा.

यंदा टीमला नवी प्रमुख, नवी लीड आली. हुशार, गोड बोलणारी. तिने जाहीर केलं की सगळे प्रकल्प नव्या सर्व्हरवर जाणार, यापुढे बिल्ड तिथेच होणार आणि जुने लॅपटॉप जमा करायचे. त्याआधी प्रत्येकाने आपली खोली पाडून, यादीवरून परत उभी करून दाखवायची. यादीबाईच्या मनात पहिलं आलं ते एकच. पायरी नव्या ठिकाणी गेली नाही तर? तिने यादी उघडली. अठरावं नाव, पायरी. तिने बंद करून परत उघडली, परत वाचलं. होतं.

"मॅडम, तुमची काळजीच नाही," लीड मागून म्हणाली. "तुमचीच पद्धत तर मी सगळ्यांना लावतेय."

यादीबाई हसली आणि खोली पुसायची आज्ञा दिली. सेकंदभराचं काम. मग यादी लावली. सतरा हत्यारं भराभर आली. अठराव्याला लाल अक्षरं उमटली. पायरी नावाचं भांडारात काहीही नाही.

तिला कळायला थोडा वेळ लागला. यादीत नाव होतं, पण नावच होतं. वस्तू भांडारात कधी गेलीच नव्हती. खोलीत दिसत होती तोवर ती आणायची कुठून हे मॅनेजरला शोधावंच लागलं नव्हतं.

टेस्टर म्हणाला, थांबा बाई, बॅकअप काढतो. त्याने काढला. लॅपटॉपमधलं सगळं होतं त्यात, खोली सोडून. खोल्यांचा बॅकअप घेऊ नये, जागा फुकट जाते, हा नियम ऑफिसच्या नियमावलीत तिसऱ्या पानावर होता आणि तो तिनेच लिहिला होता. टेस्टरला ते ठाऊक होतं. त्याने पडद्यावरची बॅकअपची खिडकी गुपचूप बंद केली.

तिने घरी फोन लावला.

"अहो, त्याच्या लॅपटॉपमधलं काही काढून ठेवलं होतंत का?"

बाबा म्हणाले, "पुसून दिला ना आपण शेजारच्या मुलीला, तिच्या कॉलेजसाठी. तूच म्हणालीस, त्याचं खाजगी कोणाच्या हाती लागायला नको."

"हो. मीच म्हणाले होते."

"का गं?"

"सहज," म्हणून तिने फोन ठेवला.

लीडने येऊन हलक्या आवाजात विचारलं की ते एक हत्यार वगळून चालेल का, आज सर्व्हरवर गेलं पाहिजे. चालेल, यादीबाई म्हणाली. तिने अठरावी ओळ खोडली, पायऱ्यांचे आकडे पुन्हा हाताने घालायचं काम आपल्या नावावर लिहून घेतलं आणि बिल्ड चालवलं. एकही सूचना न येता ते पार पडलं. लीडने सगळ्यांसमोर अभिनंदन केलं.

संध्याकाळी बाबांनी दार उघडलं ते विचारतच. काय होतं त्या लॅपटॉपात? तिने चप्पलही काढली नव्हती. तशीच ओट्याला टेकून तिने सगळं सांगितलं, दहा पायऱ्यांच्या पानासकट.

"रोज?" बाबांनी विचारलं.

"रोज सकाळी."

"आणि मला एकदाही नाही सांगितलंस."

"ऑफिसात कसं नेणार होते तुम्हाला?"

"गेटवर थांबलो असतो मी. तू खाली येऊन सांगायचंस, आज काय म्हणाला ते."

बाबांनी पातेल्यात चहाचं पाणी ठेवलं, आणि पाठमोरेच म्हणाले, "बरं, सांग आता. काय काय म्हणायचा?"

तिने सांगितलं. वाचणारा दमला. श्वास घे. आणि एक होतं, 'आई, हे तू मागच्या पानावर सांगितलंस.' बाबा हसले. हुबेहूब तोच, म्हणाले. मग डोळे पुसले.

"अजून?"

"अजून एक होतं. पान रिकामं राहिलं तर यायचं. मी कधी रिकामं सोडलंच नाही. त्याने बसवलं त्या दिवशी एकदाच दाखवलं होतं."

"काय होतं?"

ती आठवत राहिली.

"नाही आठवत हो."

बाबांनी गॅस बंद केला, स्टूल ओढून तिच्यासमोर बसले.

"आठव," ते म्हणाले. "मी थांबतो."