जनूचे दोन इंच

जनार्दन भोईर गेल्याचं मला सोसायटीच्या मीटिंगमध्ये कळलं. पाण्याच्या टाकीचा विषय चालू होता. त्याच्या बायकोचा, मंजुळावहिनींचा फोन आला. त्या एवढंच म्हणाल्या, "भावजी, हे गेले. आंगोल करून पंख्याखाली बसले नि…" मी फोन खिशात ठेवला, टाकीचा ठराव लिहून घेतला, सह्या घेतल्या आणि मग दिवाळे गावात त्याच्या घरी गेलो. आज दीड महिना झाला. तेव्हा रडू आलं नव्हतं, अजूनही आलेलं नाही. पण एक गोष्ट लिहून ठेवावीशी वाटते, कारण तिच्यात माझी बाजू फारशी चांगली नाही.

तुर्भ्याच्या एका कारखान्यात आम्ही सव्वीस वर्षं एकत्र होतो. तो टूलरूममध्ये, मी स्टोअरमध्ये. तो खाडीकाठचा, मूळ गावातला. मी सांगलीकडून आलेला, बेलापूरच्या फ्लॅटमधला. मला तो आडनावाने हाक मारायचा, 'कुलकर्नी'. मी जवळजवळ सहा फूट, तो पाच फूट एक इंच. कारखान्यात आमची जोडी बघून लोक हसायचे, आम्हीही हसायचो. निवृत्तीच्या सुमारास एका गोदामात आम्हाला एक जुनी मोटारसायकल सापडली, साधारण आमच्याच वयाची, गंजलेली, इंजिन जाम. दोघांनी मिळून घेतली. जनूने दोन वर्षं खपून ती चालू केली. जे भाग बाजारात मिळेनात ते लेथवर स्वतः घडवले. मी जुनी पुस्तकं चाळून रंग मूळचाच आहे ना, एवढं पाहिलं. दिवाळ्याच्या गल्लीत जागा नव्हती, म्हणून गाडी माझ्या पार्किंगमध्ये उभी राहिली आणि कागदही माझ्या नावावर झाले. त्यामुळे ती जरा जास्त माझी आहे, असं मला कधी वाटू लागलं ते कळलंच नाही.

तिची सीट जमिनीपासून साडेएकतीस इंच. जनूचा एका पायाचा अंगठा तेवढा टेकायचा. चालवताना अडचण नव्हती, अडचण थांबताना. पहिल्याच महिन्यात बेलापूरच्या एका सिग्नलला त्याने पाय टाकला तो नेमका खोलगट जागी, आणि गाडी त्याच्यासकट आडवी झाली. मी मागून स्कूटरवर होतो. धावत गेलो आणि आधी पेट्रोलची टाकी पाहिली. पोचा आला होता. मग त्याला हात दिला. मी आधी काय पाहिलं ते त्याच्या लक्षात आलं होतं.

पुढच्या रविवारी तो म्हणाला, "कुलकर्नी, गाडी जरा खाली घेऊ. मागचं शॉकअप दोन इंच आखूड बसवू, पुडचं पाईप तेवडंच वर सरकवू. कापाचं काय नाय. पायजे तवा परत व्हती तशी." मी म्हणालो, ओरिजिनल राहणार नाही, जुन्या गाड्यांच्या मेळाव्यात लोक वाकून वाकून बघतात. तो "बरं" म्हणाला. पुन्हा कधी विषय काढला नाही. आणि पुन्हा कधी चालवायलाही बसला नाही. दर रविवारी यायचा, प्लग साफ करायचा, चेनला तेल द्यायचा आणि माझ्या मागे बसायचा. अशी सात वर्षं गेली. त्याला आता चालवायची हौस उरलेली नाही, अशी मी स्वतःची समजूत घातली होती.

मग बंदराकडच्या द्रोणागिरीचा तो दिवस आला. तिकडच्या एका माणसाकडे जुना कार्ब्युरेटर होता, तो बघायला गेलो होतो. परतताना मला दरदरून घाम फुटला, डोळ्यांपुढे अंधारी आली. कशीबशी गाडी कडेला घेतली. सुट्टीचा दिवस, रस्त्यावर कंटेनरशिवाय काही नाही, रिक्षाचा पत्ता नाही. माझ्या मधुमेहामुळे जनू खिशात नेहमी चॉकलेट ठेवायचा, ते त्याने माझ्या तोंडात कोंबलं, मला मागे बसवलं, टॉवेलने माझी कंबर स्वतःच्या कमरेला बांधली आणि म्हणाला, "ऐक. मी सांगीन तवा दोन्ही पाय खाली टाकायचं. इसरलास तं दोगं पन ट्रेलरखाली." वीसेक किलोमीटर. प्रत्येक सिग्नलला, प्रत्येक वळणावर तो ओरडायचा, "पाय टाक, कुलकर्नी!" डोकं गरगरत होतं, पण पाय शाबूत होते. मी टाकायचो. नेरूळच्या हॉस्पिटलच्या दारात वॉचमनने गाडी धरली तेव्हा कुठे आम्ही सुटे झालो. साखर उतरली होती. दोन तासांत मी ठीक झालो. जनू पलंगाशी बसला होता. म्हणाला, "आज पयल्यांदा माजं पाय जमिनीला पुरलं." आणि हसला. मला हसता आलं नाही.

चार दिवसांनी मी फोन केला. "रविवारी ये. माप घ्यायचंय."

"कसलं? शर्टाचं?"

"पायाचं."

"माप नको. येतो."

आला तो वर्तमानपत्रात गुंडाळलेले दोन आखूड शॉकअप घेऊन. सात वर्षं घरी माळ्यावर ठेवले होते. दुपारपर्यंत काम झालं. गाडी खाली आली तशी बाजूच्या स्टँडवर ती फार सरळ, पडेल अशी उभी राहू लागली, म्हणून त्याने तोही कापून आखूड केला; मूळचा भाग कापायला परवानगी विचारली नाही, हे मला बरं वाटलं. मग तो बसला आणि दोन्ही टाचा जमिनीला टेकवून दाखवल्या. निघालो, मी मागे. पहिल्याच सिग्नलला हिरवा दिवा लागला तरी हा आपला पाय टेकून उभा. मागून हॉर्न सुरू झाले. "चल ना," मी म्हणालो. "थांब रं जरा," तो म्हणाला.

त्यानंतर आम्ही रविवार वाटून घेतले, एक त्याचा, एक माझा. आता सिग्नलला पाय टेकले की माझे गुडघे दुमडून वर यायचे. मी तक्रार केली नाही. करायला तोंड नव्हतं. पण त्याने पाहिलं असणार. माझ्या दुसऱ्या रविवारी खाली उतरलो तर सीटवर काळ्या रेक्झिनची तीन इंच जाड गादी, खालून दोन पट्ट्यांनी बांधलेली. जनू शेजारी उभा. "ही तुजी गादी हाय. माज्या रविवारी काडाची." मला जे करायला सात वर्षं लागली, ते त्याने पंधरा दिवसांत केलं होतं, आणि मला मागावंही लागलं नव्हतं.

तो चौदा महिने चालवू शकला. त्याच्या मुलांना गाडीची आवड नाही, वहिनी म्हणाल्या, "तुमीच ठेवा." मी दर रविवारी काढतो. माझ्या रविवारी गादी बांधतो. त्याच्या रविवारी ती सोडून पार्किंगमधल्या कपाटात ठेवतो, गुडघे वर घेऊन बसतो आणि दिवाळ्याच्या जेट्टीपर्यंत जाऊन येतो.