गजाच्या हाताची ग्वाही

ही गोष्ट पुरती अशी मी कुणालाच सांगितलेली नाही. गेल्या महिन्यात तिचं एक टोक तोंडातून निसटलं — भरल्या ताटावर, रूममधल्या माणसांसमोर — पण तेवढंच. मागचं-पुढचं सगळं पोटातच राहिलं. बायकोला ठाऊक नाही. आईला तर नाहीच नाही. आज तुला सांगतो. तुलाच का? ते नको विचारू, सुरुवात केलीय तर बोलू दे.

विषय क्रिकेटचा आहे. हसलास ना? वाटलंच मला. पन्नाशीला टेकलेला माणूस, केस गेलेले, गुडघे कुरकुरतात, आणि पोटात दडवून काय ठेवलं तर म्हणे क्रिकेट! पण तू इकडे राहिलेला नाहीस. सहा दिवस मी दुबईतल्या देरा भागात एका ट्रेडिंग कंपनीच्या गोदामात खोकी तपासतो. वेलची, बदाम, काजू... हो, काजू. कोकणातला माणूस दुबईत येऊन काजूच तपासतो, आता बोल! सहा दिवस मला ‘ओ भाय’ याच्यापलीकडे नाव नाही. रविवारी — पूर्वी सुट्टी शुक्रवारची असायची — शारजाच्या त्या रेतीच्या मैदानावर मॅट अंथरली, की मी विलासदादा. पहिली ओव्हर माझी. नवा बॉल माझ्या हातात. मागून कुणीतरी ओरडणार, “यल्ला, दादा!” — म्हणजे चल, होऊन जाऊ दे — त्या एका आरोळीवर मी आठवडा काढायचो. खोटं नाही सांगत. म्हणजे — आता नाही सांगत.

आमच्याकडे टीम गावाची असते. टेनिस बॉलचे सामने, पण खेळाडू आपल्या गावचाच पाहिजे, मग तो क्रेनवर असो की हॉटेलच्या किचनात. उन्हाळा ओसरायला लागला, सीझन तोंडावर आला, की आमच्या रूमवर मीटिंग भरते. रविवारची दुपार, सुरमईचं कालवण, एसी फुल. आणि काय ती चर्चा, बाबा! आठवडाभर साहेबासमोर ब्र न काढणारी माणसं तिथं निवड समितीचे अध्यक्ष होतात. अमक्याला बसवा, तमक्याचं पोट सुटलंय, मॅटवर बॉल थांबून येतो, डावखुरा बॉलर नसेल तर कप विसरा. गावाकडून नवीन कोण आलाय? फास्ट आहे? व्हिडिओ दाखव. अरे, व्हिडिओत सगळेच फास्ट दिसतात!

नवीन माणूस असला की मात्र एक पद्धत आहे. त्याला खाली कॅफेटेरियात चहाला पाठवायचं. वर त्याच्या वाडीतला जो कुणी असेल त्यानं ग्वाही द्यायची — कुणाचा कोण, खेळतो कसा, वागायला कसा. गावात वाड्या पुष्कळ, सगळ्यांना सगळं कुठून माहीत असणार? म्हणून वाडीच्या माणसाचा शब्द शेवटचा. त्याच्यावर कुणी बोलायचं नाही. आणि रूममध्ये झालेलं बोलणं रूमबाहेर न्यायचं नाही. चंदूकाकांनी घालून दिलेली पद्धत ही. चंदूकाका म्हणजे आमचे मॅनेजर, दुबईतले एसी दुरुस्त करण्यात त्यांची हयात गेली. त्यांच्यासमोर आवाज चढवायची कुणाची टाप नाही.

गजा माझ्या वाडीचा. माझ्याहून बराच लहान. बरीच वर्षं झाली, तो शारजात एका गॅरेजमध्ये गाड्यांच्या पेंटिंगला लागला, आणि आल्या आल्या मैदानावर हजर झाला. मीच बॅट घेऊन उभा होतो. डाव्या हातानं त्यानं पहिला बॉल टाकला — बॉल कुठून आला, कुठून गेला, देव जाणे. मागे वळून बघतो तर स्टंप आडवा. मंडळी वेडी झाली नुसती. पुन्हा टाक, पुन्हा टाक! आणि त्या गडबडीत मला दिसलं, की नवा बॉल कुणीतरी त्याच्याच हातात दिलाय. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही कुणी.

पण एकानं शंका काढली. म्हणाला, याचा हात कोपरात वाकतोय, हा बॉल टाकत नाही, फेकतो. फेकलेला बॉल म्हणजे नो-बॉल. एखाद्यावर एकदा हा शिक्का बसला ना, की सगळे अंपायर त्याच्या कोपरावरच डोळा ठेवून असतात.

तर गजाचा हात. आता नीट ऐक. लहानपणी तो वाडीमागच्या जांभळीवरून पडला होता. कोपर निखळला. हाडवैद्यानं बांधला, तो वाकडाच बसला. तेव्हापासून त्याचा डावा हात पुरता सरळ होतच नाही. जेवताना, झोपताना, नमस्कार करताना — तो तेवढा वाकलेलाच असतो. बॉल टाकतानाही तेवढाच, आधी तेवढा आणि नंतरही तेवढाच. वाकलेला हात बॉल सोडताना सरळ झाला तर ते फेकणं; म्हणजे तो फेकत नव्हता. यात दोष काही नाही, नियमात बसतं. आणि हे मला कसं माहीत? कारण जांभळीखालून त्याला उचलून घरी आणलं ते मी. रस्ताभर माझ्या मानेला मिठी मारून रडत होता.

मीटिंग भरली. गजा खाली चहाला गेला. चंदूकाका म्हणाले, “विलास, तुझ्या वाडीचा आहे. तू सांग. हात मुळातच तसा आहे का फेकतो?”

इथं जरा थांबू दे मला.

किती सोपं होतं बघ. एक वाक्य बोलायचं होतं. जांभळीवरून पडला होता हो, हात तसाच आहे — संपलं. माझ्या जिभेवर होतं ते. पण पुढे काय होणार, तेही दिसत होतं. पहिली ओव्हर गजाची. मग मी दुसरा, मग तिसरा, मग कधीतरी बाउंड्रीवर, मग पाण्याच्या बाटल्या. बायको गावाला, पोरं गावाला, आणि इथं जे एवढंसं माझं होतं तेही द्यायचं? का म्हणून? — असं तेव्हा वाटलं. आज ते कारण म्हणून सांगत नाही. वाटलं होतं, एवढंच सांगतो.

मी म्हणालो, “गावालासुद्धा त्याला नो-बॉलच द्यायचे.”

खलास. वाडीच्या माणसाचा शब्द. कालवण वाढायला घेतलं.

थांब, एवढ्यावर भागलं असतं तर मला असं मेल्याहून मेल्यासारखं झालं नसतं. मी खाली गेलो. गजा फूटपाथवर कडक चहाचा कागदी कप धरून उभा. माझ्यासाठी एक घेऊन ठेवलेला, वर झाकण लावून, गार होऊ नये म्हणून. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, “गजा, लय भांडलो रे तुझ्यासाठी. पण ऐकत नाहीत.” त्याचे डोळे भरून आले. मला म्हणाला, “दादा, तू भांडलास ना, बस झालं.” आणि तो चहा मी प्यायलो.

खोटं बोलून गप्प बसलो असतो तर पापी तरी म्हणता आलं असतं. हे काय होतं? ह्याला काय म्हणतात?

त्यानंतर गजानं टीम सोडली नाही. कुणीही सोडली असती. बाउंड्रीवर उभा राहायचा, त्या तारेच्या कुंपणाशी, पलीकडे ट्रक उभे असतात तिथं. मी पहिली ओव्हर टाकायचो आणि सगळ्यात मोठ्यानं तोच ओरडायचा, “यल्ला, दादा!” दर सीझनच्या आधी मी त्याला म्हणायचो, यंदा तुझा विषय काढतो मी. कोपराला गूळ लावून ठेवला होता नुसता. विषय कधी काढलाच नाही.

आणि तो काय करायचा? सुट्टीवर गेला की आधी माझ्या आईला भेटायचा. येताना माझ्यासाठी आमसुलं, सोडे, आईनं दिलेलं मेतकूट. माझं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं तेव्हा शारजाहून त्या ट्रॅफिकमधनं ड्यूटी संपवून यायचा, डब्यात तांदळाची पेज घेऊन. हाताला गाडीच्या रंगाचा वास. नर्सला हिंदीत सांगायचा, मेरा बड़ा भाई है, इसने मेरे लिए सबसे झगड़ा किया था. पेज गळ्याखाली उतरायची नाही माझ्या. तो म्हणायचा, टाके दुखत असतील.

हो रे, दुखत होते.

मग आला गेला महिना. पुन्हा सीझन तोंडावर, पुन्हा मीटिंग. त्या जुन्या बैठकीतले आता चंदूकाका आणि मी दोघंच उरलोय. बाकी कुणी कायमचे गावी गेले, कुणी कतारला. यंदा बॉलरची बोंब. एकाचा व्हिसा कॅन्सल झाला, दुसऱ्याची बदली अबू धाबीला. माझ्या गुडघ्याचं तर सगळ्यांना माहीतच आहे. नावावर नावं निघत होती — हा नको, तो वाइड टाकतो, हा चांगला आहे पण रविवारी त्याला ड्यूटी. गजा या वेळी रूममध्येच होता, जुना माणूस, खाली कोण पाठवणार? मोरीशी बसून ताटं विसळत होता. तेवढ्यात रुपेश म्हणून नवा पोरगा आहे, हॉटेलात काम करतो, तो बोलला, “गजादादाला का नाही टाकू देत? प्रॅक्टिसला मजेत टाकतो तेव्हा माझी बॅट लागत नाही.”

चंदूकाका म्हणाले, “तो विषय मिटलाय.”

आणि गजा हसला. ताट पुसता पुसता म्हणाला, “असू दे रे. तेव्हा दादा माझ्यासाठी सगळ्यांशी भांडला होता, तरी जमलं नाही. आता काय!”

चंदूकाकांचा घास हातातच राहिला. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही — तसं असतं तर बरं होतं. एखादा माणूस आपण समजत होतो तो नाही, हे कळल्यावर बघतात ना, तसं पाहिलं. आणि ते काहीच बोलणार नव्हते. रूममधलं बोलणं रूममध्ये. पद्धत त्यांचीच. त्यांनी नजर खाली केली, पुढचा घास घेतला. म्हणजे मी सुटलो होतो बघ. या खेपेलाही सुटलो होतो.

मी म्हणालो, “मी भांडलो नव्हतो.”

आवाज माझाच होता का? मग म्हणालो, “नो-बॉलचं मीच सांगितलं. गावाला त्याला कुणी कधी नो-बॉल दिला नाही. जांभळीवरून पडला तेव्हापासून हात तसाच आहे. मला ठाऊक होतं.”

गजानं हातातलं ताट पुसून पुरं केलं. मग दुसरं घेतलं, तेही पुसलं. सगळी ताटं मांडणीवर लावली, चप्पल घातली आणि गेला. चंदूकाका एवढंच म्हणाले, “पहिली ओव्हर गजाची. खलास.” एरवी प्रत्येक वाक्याला जोडतात ते इन्शाल्लासुद्धा नाही म्हणाले.

आणि मला — तुला सांगायला लाज वाटते — मला सडकून भूक लागली. मान खाली घालून रडावं असं काही झालं नाही. मी पुन्हा भात घेतला, वर कालवण ओतून घेतलं, आणि कितीतरी वर्षांनी मला कालवणाची चव लागली. रुपेश माझ्याकडं बघत होता, हा काय माणूस आहे म्हणून. बरोबर आहे त्याचं. पण छातीवरचं असं काही उतरलं होतं, की मी काय करू? हलकं वाटत होतं. अजून वाटतंय.

पुढच्या रविवारी सकाळी प्रॅक्टिसला मला वाटलं, गजा येणार नाही. आला. नवा बॉल त्यानं चंदूकाकांच्या हातून घेतला, माझ्याकडं न बघता. सगळे त्याच्या कोपराकडे टक लावून. हात जेवढा वाकलेला तेवढाच राहिला, आधीही आणि नंतरही. दिसत होतं, आंधळ्यालाही दिसलं असतं. पण बॉल — बॉल तो राहिला नव्हता. ती पेस गेली होती. रंगाच्या फवाऱ्यात आणि कुंपणाशी उभं राहण्यात त्याची चांगली वर्षं गेली, आणि ती मी घालवली. रुपेशनं त्याचा बॉल सरळ त्याच्या डोक्यावरनं मारला. गजानं कमरेवर हात ठेवून बॉल गेला तिकडं पाहिलं. मग तो वळला. मी मिड-ऑनला उभा होतो, माझ्या नेहमीच्या जागी, त्याच्याशी बोलता येईल एवढ्या अंतरावर.

त्यानं आयुष्यात मला दादाशिवाय हाक मारली नव्हती. जांभळीखाली पडला तेव्हासुद्धा दादाच म्हणाला होता.

“विलास,” तो म्हणाला, “मागे जा.”

मी गेलो. “अजून मागे,” तो म्हणाला. मी जात राहिलो, पाठीला तार लागेपर्यंत. पलीकडे ट्रक उभे होते. ऊन डोळ्यांवर येत होतं. वर्षानुवर्षं तो याच जागी उभा असायचा, आणि इथून पिच किती लांब दिसतं ते मला तोवर माहीतच नव्हतं. गजानं रन-अप घेतला. मी दोन्ही हात तोंडापाशी धरले आणि जेवढं ओरडता येईल तेवढं ओरडलो, “यल्ला, गजा!”

त्यानं मागे वळून पाहिलं नाही. बॉल टाकला.