डिस्कला हळद लागली तेव्हा

लातूरच्या आमच्या फोटो स्टुडिओत नवा कॉम्प्युटर आला, त्या दिवशी अण्णा, म्हणजे मालक, लग्नाच्या ऑर्डरवर कंधारला निघाले होते. जाता जाता म्हणाले, "जुन्यातली डेटाची डिस्क काढायची, नव्यात बसवायची. वायरी दोनच हायत. तुला येतंय." मला येत होतं, पण सोबत कुणी उभं असलं की येत होतं.

त्या डिस्कवर कितीतरी वर्षांची लग्नं, बारशी, क्लासच्या पोरापोरींचे पासपोर्ट फोटो. अण्णा एकही पुसू द्यायचे नाहीत. कुणाच्या घरचं माणूस गेलं की तेराव्याच्या आत लोक आमच्याकडे येतात. त्या माणसाचा हार घालण्याजोगा चेहरा आम्ही कुठल्यातरी लग्नाच्या पंगतीतून शोधून काढतो. आणि या सगळ्याची दुसरी कॉपी कुठंच नव्हती.

मी हदगावकडची. शाळा आठवीतच सुटली. इथं आले ती झाडलोटीला. माऊस हातात दिला तो अण्णांनी. ते उपकार मी विसरत नाही, म्हणूनच की काय, काही बिघडलं तर परत झाडूच हातात येईल, अशी धाकधूक मला कायमची.

दुकानात नवी वस्तू हळदकुंकू लावल्याशिवाय सुरू करायची नाही, ही आमची रीत. जुन्या खोक्यातून डिस्क सोडवली, टेबलावर ठेवली. मनात आलं, नव्या डब्यात तर अजून एकही फोटो नाही, पूजा करायची तर हिचीच. चिमूट चिमूट हळदकुंकू तिच्यावर वाहिलं, हात जोडले. मग ती नव्या डब्यात बसवली, वायरी जोडल्या, बटण दाबलं.

कॉम्प्युटर झटक्यात सुरू झाला. डिस्क मात्र दिसेना. बंद केला, चालू केला. नाहीच. शेवटी फोन लावला.

"अण्णा, डिस्क दिसंना."

मागं बँड वाजत होता. "वायर नीट बसली का?"

"बसली."

"मग केलंस काय तू?"

सांगितलं. तसे ते हसायलाच लागले. "हळद लावून धाडलीस व्हय तिला? मग नव्या सासरी पैल्याच दिवशी कशी बोलंल ती! आधी बंद कर. वायर जिथं घुसती तिथं भुकटी गेली असंल. लेन्सचा ब्रश घे, धूळ उडवायच्या रबरी फुग्यानं हवा मार. तोंडानं फुंकू नको, थुंकी जाती. आन् रडू नको."

"रडत न्हाई."

"हाव, ऐकू यायलंय मला."

डिस्क पुन्हा बाहेर काढली. बारीक पट्ट्यांच्या फटीत पिवळं बसलंच होतं. ब्रशनं हळूहळू झाडलं, फुगा दाबत राहिले. परत जोडली, बटण दाबलं, आणि डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा डिस्क आली होती.

अण्णांना कळवलं. "आता कुलूप लाव आन् घरी जा," म्हणाले, आणि अक्षता पडायची वेळ झाली म्हणून त्यांनी फोन ठेवला.

फोटो खरंच उघडतात का, एकेक बघू लागले. यातल्या कितीजणींच्या गालांवरचे डाग मी पुसलेत. गंजगोलाईच्या बाजारात त्या समोरून जातात, मी ओळखते. त्या कशाला ओळखतील?

कुणाला तरी सांगावंसं लई वाटलं. गावी आईला फोन केला.

"आई, आज फोटो हरवले होते. सगळे सापडले."

"तुझे होते का माय?"

"न्हाई, लोकांचे."

"मग येवढी कशाला घाबरलीस? जेवलीस का? हरभरा काढून राहिलो बघ, बाया खोळंबल्यात. ठेवते."

घरी जा म्हणाले होते अण्णा. खोलीवर जाऊन तरी काय करायचं होतं? मी आणखी एक लग्न उघडलं.