तात्यांचं अर्धं हिरवं कडवळ

परवा एका कृषी प्रदर्शनात ऐकलं की गंधक लगेच लागू पडत नाही. जमिनीत ओल हवी, मग तिथले जिवाणू ते हळूहळू पिकाच्या कामाचं करतात. त्याच क्षणी ठरलं, माणदेशात जायचं.

रविवारी सहाला धायरीहून निघालो. गाडी अल्फियाकडे; ही माझी मुलगी, हिंजवडीत नोकरी करते. "मम्मी, सीरियसली, एवढ्या लांब गवत बघायला?"

"कडवळ म्हणतात त्याला. ज्वारीचा हिरवा चारा."

शिरवळला मिसळ खाल्ली, नव्वद रुपये आणि तर्री हवी तेवढी. पुढे लोणंद, फलटण. मोगराळ्याचा घाट चढलो आणि हिरवळ मागे राहिली. तिथे मी तिला सगळं सांगितलं.

कृषी पदविकेला असताना दहिवडीजवळच्या कोरडवाहू गावात माझा प्रयोग होता. तिथले शेतकरी तात्या, त्यांच्या रानात कडवळाचे शेंडे पिवळे पडत, खालची पानं हिरवीच. सगळे म्हणाले, युरिया टाका. मी म्हटलं, गंधक कमी आहे. तात्यांनी माझ्या शब्दावर अर्ध्या रानात गंधक टाकलं. पावसाने दडी मारली. दोन्हीकडे सारखंच पिवळं. गाव हसलं आणि मी निरोपही न घेता पुण्याला पळाले. नंतर लग्न, संसार. सत्तावीस वर्षं तिकडे फिरकले नाही.

तात्यांच्या अंगणात त्यांच्या पत्नी, काकू, शेंगा निवडत होत्या. क्षणभर बघत राहिल्या. "शबाना न्हवं का तू? केस पिकलं की गं!"

"तात्या?"

"गेलं. तीन वरसं झाली."

मी त्यांच्या शेजारी बसले. काकूंनी पाणी दिलं आणि म्हणाल्या, "तू गेलीस. फुडल्या साली ह्यांनी त्याच रानात पुन्हा कडवळ पेरलं, पाऊसबी लागला. तुझं अर्धं रान हिरवंगार, बाकीचं पिवळंच. हसणाऱ्यांना बांधावर नेऊन दावायचे."

"मला कळवायचं तरी!"

"पत्ता ठेवला व्हतास? डाळिंबं घेऊन पुण्याला गेले की मंडईत इचारायचे, शबाना नावाची पोर कुठं राहती म्हणून."

माझं माहेर मंडईच्या मागच्याच गल्लीत.

परतताना अल्फियाने गाणी लावली नाहीत. कात्रजचा बोगदा संपल्यावर एवढंच म्हणाली, "भेटायला हवे होते ना ते तुला."

प्रवास एका दिवसात होतो; घाटाआधी पेट्रोल भरा, उन्हाळ्यात पाणी जास्त घ्या. मी मात्र सत्तावीस वर्षं उशिरा पोचले, त्याला उपाय नाही. काकूंना नंबर देऊन आलेय. काल पहिला फोन आला.

"काय काम न्हाई," त्या म्हणाल्या. "नंबर खरा दिलास का, त्येवढं बघत व्हते."